मारिओ-२ मधील चार नायक : तुम्ही कोणाला निवडत होता आणि का?

तापीकाठ

व्हिडिओ गेमच्या आठवणी निघाल्या की आपल्याकडचे बोलणे पहिल्या मारिओपासून सुरू होते, कॉन्ट्रा आणि रणगाड्यांच्या खेळापर्यंत जाते आणि तेथेच थांबते. 'सुपर मारिओ ब्रदर्स २' हा खेळ ऑक्टोबर १९८८ मध्ये अमेरिकेत आला. त्याचे नाव फार थोडे जण घेतात, आणि जे घेतात तेही 'तो काही खरा मारिओ नव्हे' असे म्हणून पुढे सरकतात. मला त्याबद्दल सविस्तर लिहायचे आहे, कारण नायक निवडण्याच्या सोयीला ज्यात खरोखर अर्थ आहे असा माझ्या पाहण्यातला तो पहिला खेळ होता आणि त्या बाबतीत त्याच्या तोडीचे खेळ मला आजही मोजकेच सापडतात.

आमचे गाव यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. काकांनी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून टीव्हीला जोडायचे यंत्र आणले तेव्हा त्यासोबतच्या कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले होते. प्रत्यक्षात तेच पंधरा-वीस खेळ नावे आणि रंग बदलून पुन्हा पुन्हा येत असत. मारिओ-२ मात्र सुट्या पिवळ्या कॅसेटमध्ये आला. उधन्याला राहणारे मामा उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरतेहून येताना ती घेऊन आले होते. मे महिन्याच्या दुपारी बाहेर पाऊल टाकण्याची सोय नसे, त्यामुळे जेवणे आटोपली की आम्ही चौघे भावंडे कूलरसमोर चटई टाकून बसत असू.

खेळ सुरू झाला की आधी एक रंगमंच दिसतो. त्यावर मारिओ, लुईजी, टोड आणि राजकन्या असे चौघे ओळीने उभे असतात. ज्याच्यावर बाण न्यावा तो उजळतो आणि बाकीचे अंधारात राहतात. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. या मूळ आवृत्तीत टप्पा पूर्ण झाल्याशिवाय किंवा सगळे जीव संपल्याशिवाय नायक बदलता येत नाही. एक जीव गेला म्हणून दुसऱ्याला बोलावता येत नाही. म्हणजे पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज घेऊन आधीच निर्णय करावा लागतो आणि तो चुकला तर त्याच नायकाला घेऊन निभवावे लागते.

चौघांचे गुण थोडक्यात सांगतो. मारिओ सगळ्या बाबतींत मध्यम आहे. लुईजी सर्वांत उंच उडतो आणि हवेत पाय झाडत सावकाश खाली येतो, पण नेमक्या जागी उतरवायला अवघड जातो. टोडची उडी सर्वांत तोकडी असते. परंतु जमिनीतून वस्तू उपटण्यात आणि ओझे डोक्यावर घेऊन पळण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. राजकन्येला उपटायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि ओझे घेतले की तिची चाल मंदावते, मात्र उडीच्या टोकाला बटण दाबून धरले तर ती काही क्षण हवेत सरळ रेषेत तरंगते.

हे गुण नुसत्या यादीत वाचले तर किरकोळ वाटतात. दुसऱ्या दुनियेच्या पहिल्या टप्प्यातला पिरॅमिड आठवून पाहा. आत वाळूने गच्च भरलेला उभा हौद आहे आणि ती वाळू एकेक थर उपसत तळाशी जायचे आहे. वरून मुखवटेवाले शाय गाय आपण खणलेल्या वाटेनेच मागे येतात. टोड असेल तर वाळू भराभर उडते आणि शत्रू वरच राहतात. त्याच जागी माझ्या धाकट्या भावाने एकदा राजकन्या घेतली होती. ती एक थर काढते, थांबते, दुसरा काढते, तोवर शाय गाय थेट डोक्यावर येऊन पडत होते, आणि त्याने शेवटी सरळ खाली जायचे सोडून आडवे खणून स्वतःसाठी एक कोनाडा तयार केला, शत्रूंना शेजारून खाली जाऊ दिले आणि मग त्यांच्यामागून उतरला. ही युक्ती टोड घेणाऱ्या आम्हा तिघांपैकी कोणालाच सुचली नसती, कारण आम्हाला तिची गरजच पडली नव्हती. पाचव्या दुनियेच्या आरंभी धबधब्यातून वर उसळणाऱ्या माशांवर पाय देत पलीकडे जायचे असते. तेथे तोच टोड घेणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि राजकन्या तरंगत निघून जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे की टप्पा एक असला तरी नायक बदलला की त्यातली वाट बदलते. पुष्कळ खेळांत नायक निवडणे म्हणजे सदऱ्याचा रंग निवडण्यासारखे असते. येथे तसे नाही.

आमच्या घरी टप्पा बदलला की रिमोट पुढच्याच्या हाती द्यायचा असा नियम होता. खेळ संपल्यावर कोणत्या नायकाने किती टप्पे पार केले याची पाटी पडद्यावर येते. ती पाटी आम्ही वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवत असू. आपापले नायक आणि आठवत असतील तर पाटीवरचे आकडे कृपया लिहावेत.

सातपुड्याची_सावली

उत्तम धागा. 'खरा मारिओ नव्हे' या आक्षेपामागे एक खरा इतिहास आहे आणि तो कळला की नायक-निवडीचा उगमही कळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जपानमध्ये १९८६ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स २' याच नावाचा निराळा खेळ निघाला होता. तो दिसायला पहिल्या मारिओसारखा होता, पण अतिशय कठीण. त्यातही मारिओ किंवा लुईजी असा पर्याय होता. लुईजी जास्त उंच उडायचा आणि थांबताना जास्त घसरायचा. अमेरिकेतील खेळाडूंना हा खेळ जाचक वाटेल असे ठरवून तो तेथे पाठवला गेला नाही. पुढे १९९३ मध्ये 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संग्रहात 'द लॉस्ट लेव्हल्स' या नावाने तो तिकडे पोहोचला.

मग अमेरिकेला द्यायचे काय, तर जुलै १९८७ मध्ये जपानमध्ये निघालेला 'युमे कोजो : डोकी डोकी पॅनिक' हा खेळ निवडण्यात आला. फुजी टेलिव्हिजनच्या 'युमे कोजो ८७' या महोत्सवाची शुभंकर पात्रे त्यात नायक म्हणून घेतली होती. इमाजिन हा मुलगा, लिना ही त्याची मैत्रीण, आणि त्याचे आई व बाबा असे ते चौघे. या कुटुंबाच्या जागी मारिओची मंडळी बसवण्यात आली. इमाजिनचा मारिओ झाला, आईचा लुईजी, बाबांचा टोड आणि लिनाची राजकन्या. लुईजी हवेत पाय का झाडतो याचे उत्तर या अदलाबदलीत आहे. ती लांब, तरंगती उडी मुळात आईची होती आणि तिचे पाय झग्याखाली झाकलेले होते. लुईजी मारिओपेक्षा उंच आणि सडपातळ दिसू लागला तोही याच खेळापासून.

मात्र केवळ चेहरे बदलले असे समजणे अन्यायाचे होईल. मूळ खेळात धावण्याचे बटण नव्हते. ते येथे आले. शेवटचा एक जीवबिंदू उरला की नायक आकाराने लहान होतो, हेही नवे. जादूचा दिवा जाऊन त्याच्या जागी औषधाची बाटली आली. पाचव्या दुनियेच्या शेवटी मोठा शत्रू म्हणून पुन्हा उंदीरच भेटू नये यासाठी दगड फेकणारा खेकडा आणला गेला. मूळ खेळात एक अट अशी होती की खरा शेवट पाहायचा असेल तर चारही पात्रांनी स्वतंत्रपणे संपूर्ण खेळ पार करावा लागे. ती अट काढून दर टप्प्याला निवड देण्यात आली, आणि तापीकाठ यांनी ज्या गोष्टीचे कौतुक केले आहे ती माझ्या मते याच बदलामुळे फुलली.

या खेळाचे दिग्दर्शक केन्सुके तानाबे यांनी सांगितलेली एक हकिकत मला फार आवडते. सुरुवातीचा नमुना वर वर चढत जाण्याचा होता आणि त्यात दोन खेळाडू एकमेकांना उचलून फेकत असत. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी त्यात मारिओसारखी आडवी वाटचाल घालायला सुचवले. पक्क्या खेळात एकाच खेळाडूची सोय उरली, पण वेलींवरून आणि धबधब्यांतून सरळ वर जाणारे उभे भाग तसेच राहिले. उचलणे आणि फेकणे हा तर सगळ्या खेळाचा प्राणच झाला.

हाच खेळ १९९२ मध्ये 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने जपानमध्ये परत गेला. शाय गाय, बॉब-ऑम हा चालता बॉम्ब आणि तोंडातून अंडी फेकणारी बर्डो ही पात्रे पुढच्या मारिओ खेळांत कायमची रुजली. ज्या खेळाने घराण्याला एवढी माणसे दिली त्याला सावत्र म्हणणे मला तरी पटत नाही.

पांझराकाठ

इतिहास वाचून आनंद झाला, पण मूळ मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. निवड तेव्हाच खरी, जेव्हा चारही पर्याय जवळजवळ सारख्या तोलाचे असतात. धुळ्याला आमच्या गल्लीत अर्ध्या तासाच्या भाड्याने खेळायला देणारे एक दुकान होते. तेथे पहिल्या आठवड्यात मुले चारही नायक घेऊन पाहत. महिनाभरात जवळजवळ प्रत्येक जण राजकन्याच घेऊ लागला, कारण खड्ड्यात पडणे हेच जीव जाण्याचे मुख्य कारण आणि तरंगणे हा त्यावरचा रामबाण उपाय. पैसे मोजून अर्धा तास मिळालेला मुलगा प्रयोग कशाला करील? मारिओला तर कोणी विचारतही नसे. ज्याचे नाव खेळाला आहे तो नायक सर्वांत बिनकामाचा ठरावा, ही मला रचनेतली उणीव वाटते.

गिरणेची_लेक

पांझराकाठ भाऊ, राजकन्या सोपी आहे म्हणून सगळे तिला घेत असतील, पण मी तिला कशासाठी घेत होते ते सांगते.

आम्ही चाळीसगावचे. घरात दोन मोठे भाऊ आणि मी. पहिल्या मारिओमध्ये राजकन्या आठव्या किल्ल्याच्या टोकाला बंदिवान असते. ती एका जागी उभी राहते आणि आभार मानते, यापलीकडे तिला काम नाही. कॉन्ट्रामध्ये दोन्ही सैनिक पुरुष. मी खेळायला बसले की भाऊ म्हणत, 'तू फक्त बघ, सुटका करायची आहे ती तुझीच.' ते चिडवायला म्हणत नसत. त्या खेळांत खरोखरच तसे होते.

एका शेजाऱ्यांकडे हा खेळ आला आणि त्या रंगमंचावर ती इतर तिघांच्या रांगेत उभी दिसली. मला आधी ते चित्र फक्त सजावटीचे असेल असे वाटले. बाण तिच्यावर नेऊन बटण दाबले आणि आकाशातल्या दारातून ती खाली पडत आली, तो क्षण मला आजही लख्ख आठवतो. या खेळात कोणी राजकन्येला सोडवायचे नाही. वार्ट नावाच्या बेडकासारख्या राजाने स्वप्नांच्या सबकॉन देशातील रहिवाशांना कोंडले आहे आणि त्यांना सोडवायला निघालेल्या चौघांपैकी ती एक आहे. ती गाजर-मुळ्यांसारखे कंद उपटते, शत्रूला डोक्यावर उचलते आणि दुसऱ्या शत्रूवर फेकून मारते.

तिला उपटायला वेळ लागतो, हे खरे. त्यामुळे कोणते झुडूप उपटायचे आणि कोणते सोडायचे हे मला आधीच ठरवावे लागे. चौथ्या दुनियेच्या शेवटी फ्रायगाय हा आगीचा गोळा येतो, त्याला ठोकळे मारले की त्याचे चार लहान गोळे होऊन सगळीकडे नाचू लागतात. मोठ्या भावाला टोड घेऊन जे घाईने साधत असे, ते मी एकेक ठोकळा आधी सोयीच्या जागी मांडून ठेवून करत असे. मला ती सोपी कधीच वाटली नाही. सावध वाटत होती.

तापीकाठ

गिरणेची_लेक ताई, ठोकळे आधी मांडून ठेवण्याची रीत मी करून पाहिली नव्हती. या आठवड्यात नक्की पाहीन.

पांझराकाठ यांच्या आक्षेपाला उत्तर देतो. भाड्याच्या दुकानात जीव वाचवणे हेच ध्येय असेल, हे मान्य. घरी आमचे ध्येय वेळ हे होते. भारनियमनाच्या काळात आमच्याकडे वीज जाण्याची वेळ ठरलेली असे आणि या खेळात प्रगती साठवून ठेवण्याची सोयच नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्या दुनियेचा पहिला टप्पा. अशा वेळी तरंगणाऱ्या राजकन्येपेक्षा भरधाव टोड उपयोगी पडे. पहिल्या दुनियेच्या तिसऱ्या टप्प्यात औषधाची बाटली फोडून उलट्या दुनियेत जायचे आणि तेथील रांजणात उतरून थेट चौथी दुनिया गाठायची, हे आम्ही विजेच्या हिशेबाने शिकलो. उलट्या दुनियेत सगळे चित्र अंधारे आणि डावे-उजवे फिरलेले असते; आमच्या घरी तिला 'अमावस्या' म्हणत. तेथे झुडूप उपटले की कंदाऐवजी नाणे निघते, आणि नेमक्या जागी दार उघडले तर जीवबिंदू वाढवणारी अळंबीही सापडते. पण दार थोडाच वेळ उघडे राहते, तेव्हा येथेही उपटण्याचा वेग महत्त्वाचा. राजकन्येला जेवढी नाणी मिळत त्याच्या कितीतरी अधिक टोड गोळा करून आणत असे, आणि ती नाणी टप्प्याच्या शेवटी फिरत्या चित्रांच्या यंत्रात जास्तीच्या जीवांसाठी लावता येत. म्हणजे टोडची तोकडी उडी तो दुसऱ्या वाटेने भरून काढतो.

काळी_माती

मी शेतकरी आहे आणि हा खेळ मला ज्या कारणाने आवडला ते कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पहिल्या मारिओमध्ये शत्रूच्या डोक्यावर उडी मारली की तो मरतो. येथे डोक्यावर उतरलात तर काहीच होत नाही. शत्रू तुम्हाला घेऊन चालत राहतो. तुमचे हत्यार जमिनीत आहे. पानांचा शेंडा तेवढा वर दिसतो, खाली काय आहे ते उपटल्याशिवाय कळत नाही. कंद असेल, बॉम्ब असेल, औषधाची बाटली असेल.

भुईमूग उपटण्याच्या दिवसांत हाताला जे कळते तेच त्या पडद्यावर पाहून मला आश्चर्य वाटले होते. पाऊस होऊन ओल असेल तर वेल एका हिसक्यात शेंगांसकट वर येतो. जमीन वाळली असेल तर वाकून, बुंध्याशी मूठ आवळून, पाठीतून जोर लावावा लागतो आणि तरीही निम्म्या शेंगा खाली तुटून राहतात. खेळातला नायक नेमका तसाच वाकतो, क्षणभर अडतो आणि मग वस्तू डोक्यावर घेऊन ताठ होतो. तो अडण्याचा क्षण टोडला जवळजवळ नसतो आणि राजकन्येला बराच असतो. आमच्या शेतात उपटायला येणाऱ्या बायांमध्येही असाच फरक दिसे. कोणी ओळीतून सरसर पुढे जाई, कोणी मागून सावकाश येई पण तिच्या मागे जमिनीत एकही शेंग राहत नसे. मी नेहमी लुईजी घेत होतो. खाली बसून क्षणभर थांबले की अंग चमकू लागते आणि मग उडी नेहमीपेक्षा बरीच उंच जाते, ही युक्ती चौघांनाही येते, पण लुईजीची ती उडी पाहण्यासारखी असते.

भुसावळ_जंक्शन

काही तांत्रिक माहिती भर घालण्यासारखी आहे.

तापीकाठ यांच्या ९९९९ खेळांच्या कॅसेटमध्ये मारिओ-२ का नव्हता, याचे कारण आकारात आहे. पहिला मारिओ अवघा ४० किलोबाइटचा, त्यात ३२ किलोबाइट कार्यक्रम आणि ८ किलोबाइट चित्रे. जागा वाचवण्यासाठी त्यातले ढग आणि झुडपे एकाच आकृतीची, फक्त रंग वेगळा. मारिओ-२ हा २५६ किलोबाइटचा, म्हणजे सहापटीहून मोठा. यंत्राच्या मेंदूला एवढे सगळे एकदम दिसत नाही, म्हणून कॅसेटमध्येच एक जास्तीची चिप असते. ती आवश्यक तो तुकडा आळीपाळीने पुढे करते. स्वस्त बहुखेळी कॅसेटमध्ये ती चिप नसे, त्यामुळे लहान खेळच त्यात भरले जात. चार नायक, प्रत्येकाचे उचलण्याचे, फेकण्याचे, चढण्याचे आणि लहान होण्याचे वेगळे चित्र, एवढा पसारा त्या ८ किलोबाइटच्या चित्रसाठ्यात मावलाच नसता.

दुसरी गोष्ट वेगाची. हा खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या जपानी-अमेरिकी टीव्हीसाठी बनला. आपल्याकडचे टीव्ही ५० चित्रांचे. आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर खेळाची चाल आणि संगीत दोन्ही सुमारे एक-षष्ठांशाने संथ होत असे. काही यंत्रे तिकडच्याच पद्धतीची येत, त्यांवर वेग बरोबर असे पण चित्र काळे-पांढरे दिसे. रेल्वे क्वार्टरमधल्या आमच्या शेजाऱ्यांकडे असेच यंत्र होते, आणि लाल मारिओ व हिरवा लुईजी यांच्यातला फरक आम्ही केवळ उंचीवरून ओळखत असू. आपल्यापैकी ज्यांनी संथ यंत्रावर खेळून सवय केली त्यांना आज मूळ वेगावर खेळताना प्रत्येक उडी निसटल्यासारखी वाटते, त्याचे कारण वय नसून हे आहे.

तिसरे, ज्यांनी जुन्या कॅसेट जपून ठेवल्या आहेत त्यांच्यासाठी. आपण सगळेच कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारत होतो. खरे तर काढून पुन्हा बसवल्यानेच संपर्क नीट जुळे आणि श्रेय फुंकरीला मिळे. तोंडातल्या ओलाव्याने तांब्याचे ते ६० दात हळूहळू काळे पडतात. कापसाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दात पुसावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच कॅसेट लावावी. माझी कॅसेट गेल्या पावसाळ्यात एका दुरुस्तीच्या दुकानात दिली होती; त्यांनी दातांवर पॉलिश कागद घासला आणि वरचा मुलामाच गेला. तेव्हा हे काम स्वतःच्या हाताने करावे, अशी कळकळीची विनंती.

पांझराकाठ

नाण्यांचा मुद्दा मला पटला. दुकानात आम्ही उलट्या दुनियेत शिरायचोच नाही, कारण वेळ वाया जाई असे वाटत होते. म्हणजे टोडचा अर्धा गुण आम्ही कधी वापरलाच नाही.

तरीही एका दृष्टीने मला १९८९ चा निन्जा कासवांचा पहिला खेळ अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात चारही कासवे केव्हाही अदलाबदल करून वापरता येतात आणि प्रत्येकाची ताकद स्वतंत्र मोजली जाते. डोनाटेलोची काठी लांब आणि जबर, म्हणून त्याला मोठ्या शत्रूसाठी राखून ठेवायचे आणि किरकोळ मारामारीत राफाएलला पुढे करायचे. धरणाच्या पाण्यातले बॉम्ब निकामी करताना विजेच्या शेवाळाने एक कासव अर्धमेले झाले की दुसरे पुढे आणायचे. तेथे चौघेही लागतात. मारिओ-२ मध्ये तिघांना कधीही हात न लावता खेळ पूर्ण होऊ शकतो.

तापीकाठ

होय, आणि दोन्हींतला फरक आपण नेमका पकडला आहे. कासवांच्या खेळात चौघे मिळून एक पथक आहे आणि खेळाडू त्याचा कारभारी. मारिओ-२ मध्ये खेळाडू एका टप्प्यापुरता एकाच नायकाचा होऊन राहतो. मला दुसरे अधिक भावते, कारण बदलण्याची सोय नसल्यामुळेच माझ्या भावाला वाळूत तो कोनाडा खणावा लागला. मारिओ बिनकामाचा आहे असे मात्र म्हणू नका. टप्पा अनोळखी असेल तेव्हा आम्ही त्यालाच पाठवत होतो, कारण त्याच्याकडून पाहिलेले अंतर मापासारखे लक्षात राहते. मारिओची उडी जेथे जेमतेम पुरते तेथे टोड नेऊ नये, एवढा साधा नियम त्यातून मिळत असे.

अमळनेरची_वाट

माझी मुले नऊ आणि बारा वर्षांची आहेत. त्यांना हा खेळ दाखवायचा असेल तर जुने यंत्र शोधण्यावाचून मार्ग नाही का? आणि धाकट्याला तो फार कठीण जाईल का?

सातपुड्याची_सावली

जुन्या यंत्राची आवश्यकता नाही. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर त्यांच्या सभासदत्वात मूळ १९८८ ची आवृत्ती खेळता येते आणि तेथे वाटेत कोठेही खेळ साठवून ठेवता येतो. त्याच सोयीत १९९३ चा ऑल-स्टार्स संग्रहही आहे. त्यातील चित्रे नव्याने रंगवलेली आहेत आणि जीव गेल्यावर नायक बदलता येतो, म्हणून धाकट्याला ती आवृत्ती द्यावी. मोठ्याला मूळ आवृत्ती द्या. न बदलता येणाऱ्या निवडीचे वजन त्याला कळेल. या चौघांचे हेच गुण २०१३ च्या 'सुपर मारिओ ३डी वर्ल्ड' मध्येही जवळजवळ जसेच्या तसे आले आहेत. दोघांना एकत्र खेळायचे असेल तर तोही चांगला पर्याय आहे.

गिरणेची_लेक

हा धागा वाचून मोठ्या भावाला फोन केला. तो आता पाचोऱ्याला असतो. रविवारी तो आला तेव्हा आम्ही त्याच्या मुलाच्या यंत्रावर मूळ आवृत्ती लावली, रांजणांचे जवळचे रस्ते न वापरता विसाच्या वीस टप्पे खेळायचे ठरवले आणि टप्पा बदलला की रिमोट बदलायचा हा तापीकाठ यांच्या घरचा नियम पाळला. पिरॅमिडात मी मुद्दाम राजकन्याच घेतली आणि आडवा कोनाडा खणला. शाय गाय शेजारून खाली निघून गेले. भाऊ म्हणाला, हे आपल्याला तेव्हा का नाही सुचले?

शेवटच्या दालनात वार्टने तोंड उघडले की त्यात कंद फेकायचे असतात. भाज्यांचा त्याला तिटकारा आहे. भावाने तेथे टोड घेतला होता, पण शेवटचे दोन कंद फेकायला त्याने रिमोट माझ्याकडे दिला. पाटीवरचे आकडे लिहिते : मारिओ २, लुईजी ५, टोड ४, राजकन्या ९. वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवले आहेत.